हेलिकॉप्टर आणि ड्रोनवरून साहसी खेळ टिपताना: पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

कामशेतचं पॅराग्लायडिंग, सिंहगड घाटातली सायकलची चढाई, नागफणीवरचं रॅपलिंग, टेकड्यांवरचं माउंटन बायकिंग. पुण्याच्या आसपास साहसी खेळ टिपायला जागांची वानवा नाही. 2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तेव्हापासून तर "वरून शूट करायला शिकायचंय" म्हणणारे बरेच जण भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्रोन कोणता घेऊ?

मी दुसरीकडून सुरुवात करायला सांगतो. शनिवारी तुम्ही हवेतून टिपलेली क्लिप रविवारी एखाद्या बातमीपत्रात लागू शकते. जे लोक तिथे नव्हते, ते ती खरी मानतात. म्हणून कुठला कोन काय दाखवतो आणि काय लपवतो हे आधी समजून घ्या. यंत्र, परवाने, परवानग्या त्यानंतर.

1. आधी डोळा तयार करा

यासाठी उडायची गरज नाही. कर्वे रस्त्यावर जा, मेट्रोचे खांब रांगेत दिसतील अशी सुरक्षित जागा फुटपाथवर बघा. पहिल्या खांबाच्या जवळ उभं राहून फोनने झूम न करता फोटो काढा. मग बरंच मागे जा आणि पहिला खांब फोटोत तेवढाच मोठा येईल इतकं झूम करा. पहिल्या फोटोत खांबांमधून बस जाईल असं वाटतं, दुसऱ्यात तेच खांब एकमेकांना खेटून भिंतीसारखे उभे दिसतात.

आता तिथूनच, म्हणजे लांबूनच, झूम न करता तिसरा फोटो काढा आणि घरी येऊन खांबांपुरता कापून मोठा करा. फोटो फुटेल, पण खांब तितकेच खेटलेले दिसतील. म्हणजे अंतर दाबलं जातं ते लेन्समुळे नव्हे, तुम्ही लांब उभे असल्यामुळे. लांब लेन्स फक्त त्या लांबच्या दृश्याचा तुकडा मोठा करून देते.

आकड्यात सांगतो. दोन पॅराग्लायडर एकामागे एक 50 मीटरवर उडताहेत. कॅमेरा जवळच्यापासून 50 मीटरवर असेल तर मागचा निम्म्या आकाराचा दिसतो. दोघांत भरपूर जागा आहे हे लहान मुलालाही कळेल. कॅमेरा 1 किलोमीटरवर नेला तर मागचा जेमतेम 5 टक्क्यांनी लहान दिसतो. डोळ्याला दोघे एकाच जागी असल्यासारखे वाटतात.

हेलिकॉप्टर आणि ड्रोन यांच्यातला मोठा फरक इथेच आहे. हेलिकॉप्टर सुरक्षिततेसाठी लांब राहतं आणि लांब लेन्सने टिपतं, त्यामुळे त्याच्या चित्रात सगळं जवळ जवळ येतं. ड्रोन जवळ जातो, त्याची लेन्स बहुधा रुंद असते, त्यामुळे अंतरं ताणली जातात आणि मागचा डोंगर बुटका होतो. खेळ तोच, दिवस तोच, तरी दोन वेगळ्या गोष्टी सांगणारी दोन चित्रं तयार होतात.

कोविडच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, डेन्मार्कच्या दोन छायाचित्रकारांनी कोपनहेगनमध्ये नेमकं हेच करून दाखवलं. त्याच लोकांचे, त्याच जागी, लांब आणि रुंद अशा दोन्ही लेन्सने फोटो घेतले. एकात लोक एकमेकांना चिकटलेले, दुसऱ्यात अंतर राखून उभे. त्या फोटोंच्या जोड्या शोधून शांतपणे बघा. दोन्ही फोटो अस्सल आहेत, कशातही फेरफार नाही.

2. ड्रोन की हेलिकॉप्टर?

सुरुवात ड्रोननेच होते. हेलिकॉप्टर स्वतः भाड्याने घेण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. आपल्याकडे ते बहुधा मुंबईच्या जुहूहून येतं आणि येण्याजाण्याचा वेळही बिलात धरला जातो. पण मोठ्या शर्यतीच्या किंवा जाहिरातीच्या चित्रीकरणात मदतनीस म्हणून शिरकाव करता आला तर सोडू नका, कारण तिथे काम करण्याची पद्धत शिकायला मिळते.

कॅमेरा हेलिकॉप्टरच्या बाहेर, नाकाखाली किंवा बाजूला, जायरोने स्थिर केलेल्या गोलाकार गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा हलू न देणाऱ्या चौकटीत, बसवलेला असतो. चालवणारा आत बसून पडद्याकडे बघत जॉयस्टिकने तो फिरवतो. वैमानिक, कॅमेरा चालवणारा आणि असला तर दिग्दर्शक इंटरकॉमवर तुटक शब्दांत बोलत असतात. बातमीसाठी कॅमेरा असलेलं हेलिकॉप्टर 1958 साली लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीने पहिल्यांदा वापरलं. यंत्रं खूप सुधारली, पण लांबून मोठं करून दाखवणं हा स्वभाव तोच राहिला.

मदतनीस म्हणून तुम्हाला बॅटऱ्या, कार्ड, जमिनीवरच्या लोकांशी रेडिओ संपर्क आणि नोंदी लिहिणं एवढंच मिळेल. नोंदी लिहिण्याचं काम मागून घ्या. प्रत्येक शॉटची वेळ, उंची, विषयापासूनचं अंतर आणि लेन्स लिहिता लिहिता कुठला आकडा कसं चित्र देतो हे आपोआप डोक्यात बसतं. माझ्या मते या धंद्यात याहून चांगली शाळा नाही.

एक गोष्ट दिग्दर्शकाच्या दबावाखालीही विसरू नका. कमी उंची आणि कमी वेग एकत्र आले की हेलिकॉप्टर धोक्यात असतं. इंजिन बंद पडलं तर वाऱ्यावर पंखे फिरते ठेवून उतरता येतं, पण त्यासाठी हाताशी उंची किंवा वेग यांपैकी काहीतरी लागतं. "अजून थोडं खाली, आणि तिथेच थांब" ही मागणी नेमकी दोन्ही काढून घेते. वैमानिक नाही म्हणाला की विषय संपला.

3. पुण्याचा नकाशा समोर ठेवा

पुण्यात सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. हे लष्कराचं आणि संरक्षण संशोधनाचं शहर आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. खडकवासल्याला एनडीए. पाषाणला डीआरडीओच्या संस्था, म्हणजे वेताळ टेकडीवर सायकलवाल्यांचा पाठलाग करायला ड्रोन उडवला तर खाली काय आहे ते लक्षात घ्या. देहूरोड आणि खडकीला दारूगोळ्याशी संबंधित ठिकाणं. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी हा नौदलाचा तळ, आणि नागफणीकडे जाणारं कुरवंडे गाव त्याला अगदी लागून. इन्स्टाग्रामवर तिथले हवाई व्हिडिओ दिसतात म्हणून परवानगी आहे असं समजू नका.

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा हवाई नकाशा हिरवा, पिवळा आणि लाल अशा विभागांत असतो. हिरव्यात 400 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 120 मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट होते. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचंच नाही. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही चालत नाही.

नकाशा हिरवा असला तरी काम संपत नाही. पुणे पोलीस वेळोवेळी, विशेषतः पालखी, गणेशोत्सव आणि मोठ्या नेत्यांच्या दौऱ्यांच्या वेळी, ड्रोनबंदीचे आदेश काढतात. जाण्याच्या आदल्या दिवशी ते तपासा. लोहगड आणि विसापूर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. शिवाय लोहगड, राजगड आणि शिवनेरी 2025 च्या जुलैपासून जागतिक वारसा यादीत आले आहेत. तिथे चित्रीकरणासाठी संबंधित पुरातत्त्व खात्याची परवानगी लागतेच. जंगल असेल तर वनखात्याची.

4. कागदपत्रं

ड्रोनसाठी:

- ड्रोनचा नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआयएन. अर्ज डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ई-जीसीए पोर्टलवर.
- रिमोट पायलट सर्टिफिकेट. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून मिळतं, 10 वर्षं चालतं.
- थर्ड पार्टी विमा. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला सक्ती नाही, पण घ्या.
- त्या दिवशीच्या हवाई नकाशाचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळेसह.
- स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच.
- जमीनमालकाचं किंवा ग्रामपंचायतीचं संमतिपत्र. कामशेतच्या टेक-ऑफच्या जागांवर याची किंमत कळते.
- खेळाडूंची लेखी संमती, "बातमीसाठी वापर" हा रकाना वेगळा ठेवून.

हेलिकॉप्टरसाठी हवाई चित्रीकरणाची परवानगी डीजीसीएकडून घ्यावी लागते आणि ती प्रक्रिया ऑपरेटर हाताळतो. तुमच्याकडून कॅमेऱ्यांची यादी, ओळखपत्रं आणि मार्गाचा नकाशा मागितला जाईल. हे सगळं भरपूर आधी तयार ठेवा, संरक्षण क्षेत्रांमुळे पुण्याच्या फाइलला वेळ लागतो.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: 2 किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून लोक ते घेत नाहीत आणि मग क्लिप वाहिनीला विकतात. पैसे घेतले की ते व्यावसायिक काम झालं. दुसरा: तयार परदेशी ड्रोन आयात करायला फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. ओळखीतून, बिलाशिवाय, स्वस्तात मिळणारा ड्रोन नोंदणीच्या वेळी गळ्यात येतो. 2021 च्या ड्रोन नियमांत दंड 1 लाख रुपयांपर्यंत आहे, आणि जप्त झालेलं यंत्र सोडवताना जाणारे दिवस वेगळेच.

5. खेळाडूंबरोबर बसा, उडण्याआधी

या बैठकीला फाटा देणारे लोक मला आवडत नाहीत, हे स्पष्टच सांगतो. जीव त्यांचा टांगणीला असतो.

पॅराग्लायडिंगमध्ये हेलिकॉप्टरच्या पंख्याखालचा झोत हा सगळ्यात मोठा धोका आहे. झोत खाली जातो आणि वाऱ्याबरोबर पुढे सरकतो. म्हणून हेलिकॉप्टर पॅराग्लायडरच्या वर किंवा वाऱ्याच्या वरच्या अंगाला कधीही नको. त्या झोतात कॅनोपी, म्हणजे ग्लायडरचं कापडी पंख, सापडली तर ती मिटते, आणि उंची कमी असेल तर रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडायलाही वेळ मिळत नाही. ड्रोनचा झोत किरकोळ असतो, पण पंखा दोरीत अडकू शकतो. कामशेतला टॉवर हिल किंवा शेलार या उड्डाणाच्या जागांवर दुपारी थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, सुरू झाले की ग्लायडर तुमच्या अपेक्षेपेक्षा झपकन वर येतो. ड्रोनची जागा आधी ठरवा, रेडिओवर एकच माणूस बोलेल हे ठरवा, आणि "ड्रोन बाहेर" म्हटल्यावर कुठल्या दिशेला जायचं तेही ठरवा.

कड्यांवर दुसरंच संकट: आग्यामोहोळ. सह्याद्रीच्या कातळाला, पुढे झुकलेल्या भागाच्या (ओव्हरहँगच्या) खाली, मोठी काळपट पोळी लोंबत असतात आणि लांबून ती दगडावरच्या डागासारखी दिसतात. दुर्बिणीतून नीट बघितलं तर पृष्ठभागावर लाट सरकल्यासारखी हालचाल दिसते. त्या माश्या आहेत. ड्रोनने त्या चवताळल्या तर तुम्ही खाली पळाल, दोरावर लटकलेला माणूस पळू शकत नाही. पोळं दिसलं की त्या भिंतीवर ड्रोन नाही. घारीही ड्रोनवर झेपावतात, घरट्यांच्या दिवसांत जास्तच.

6. खेळाप्रमाणे कोन

सायकल. घाटाचा चढ हवेतून सपाट दिसतो. कॅमेरा सरळ खाली वळवला तर चढ उरतच नाही, फक्त वळणं उरतात. सिंहगडाचा रस्ता गोळेवाडीपासून चढलेल्यांना विचारा, व्हिडिओ बघून ते चिडतात. चढ दाखवायचा तर स्वाराच्या उंचीला येऊन बाजूने टिपा, आणि फ्रेममध्ये विजेचा खांब किंवा घर असू द्या. क्षितिज मात्र सरळच हवं. गिंबल दोन-चार अंश कलला तरी चढ खोटा वाढतो. खांब कललेला दिसला की समजायचं.

स्वारांमधलं अंतर समोरून लांब लेन्सने टिपलं तर फसवं दिसतं. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्यांत 1 मिनिटाची आघाडी म्हणजे सुमारे 667 मीटर. घाटात ताशी 15 चा वेग असेल तर तेच 1 मिनिट म्हणजे 250 मीटर. समोरच्या शॉटमध्ये दोन्ही वेळा "आता पकडलाच" असं वाटतं. निवेदकाला वेळेची आघाडी कळवत राहा आणि मधूनमधून बाजूचा उंच शॉट द्या.

वेगाचंही तसंच. स्वार ताशी 40 ने येतोय आणि हेलिकॉप्टर ताशी 60 ने समोरून गेलं, तर पडद्यावर 100 चा वेग जाणवतो. जाहिरातीत वापरा, अपघाताच्या बातमीत वापरू नका.

पॅराग्लायडिंग. माझी एक क्लिप एका वाहिनीने "हवेतली धडक थोडक्यात टळली" अशा मथळ्याखाली चालवली. लांबून, समोरच्या डोंगरावरून टिपलेली. दोन्ही ग्लायडर एकमेकांना ओलांडताना चित्रात कॅनोपीला कॅनोपी घासते असं दिसतं. प्रत्यक्षात एक कड्यालगत होता, दुसरा पार दरीच्या मध्यावर. तळेगावात राहणाऱ्या एका पायलटच्या आईने बातमी बघितली आणि मुलगा उडत असताना फोन लावत बसली. गावकऱ्यांनी टेक-ऑफच्या जागेबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली ती वेगळीच. त्या दिवशीचा रुंद शॉट माझ्याकडे होता, वाहिनीने तो मागितला नाही. खालच्या सातव्या आणि आठव्या पायरीवर मी इतका अडून बसतो त्याचं कारण हेच.

प्रस्तरारोहण आणि रॅपलिंग. वरून सरळ खाली बघितलं तर कडा पायरीएवढा दिसतो. रुंद लेन्स कड्याच्या काठाशी नेली तर उलट होतं, दरी पाताळात गेल्यासारखी वाटते. समोरच्या बाजूने, आरोहकाच्याच उंचीवरून टिपलेलं चित्र सगळ्यात प्रामाणिक असतं.

7. माप सांगणारी फ्रेम घ्याच

उंचीच्या बाबतीत जगभर गाजलेलं उदाहरण पोर्तुगालच्या नाझारेचं. जानेवारी 2013 मध्ये सर्फर गॅरेट मॅकनमारा एका प्रचंड लाटेवर स्वार झाला. दीपगृह आणि माणसं पुढे, लाट मागे, असं लांबून टिपलेलं ते छायाचित्र "शंभर फुटी लाट" म्हणून सगळीकडे फिरलं. दीपगृह आणि लाट एकाच अंतरावर नाहीत, त्यामुळे एकावरून दुसऱ्याचं माप काढता येत नाही. त्याच नाझारेत सेबास्टियन स्टॉयटनरने ऑक्टोबर 2020 मध्ये पेललेली लाट मोजून 86 फुटांची ठरली आणि विक्रम म्हणून नोंदली गेली. अशी मापं घेताना स्वार आणि त्याची फळी यांचा आधार घेतात, कारण ते लाटेवरच, लाटेइतक्याच अंतरावर असतात.

यातून नियम निघतो: ज्याचं माप सांगायचंय त्याच्याच अंतरावर ओळखीचा आकार हवा. कड्यावर माणूस, रस्त्यावर एसटी, पाण्यात होडी. प्रत्येक ठिकाणी निदान तीन शॉट घ्या: परिसर दाखवणारा रुंद, बाजूने समतल, आणि ओळखीच्या आकारासह एक. प्रत्येक 10 सेकंद स्थिर. थरारक शॉट त्यानंतर हवे तेवढे घ्या. उजेड जायला लागला की लोक हे तीन शॉट गाळतात आणि थरारकच टिपत बसतात; हे तीन आधी घेतलेत तर ती वेळ येत नाही.

8. बातमीसाठी क्लिप देताना

दर पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. तो पूल बुटकाच आहे, पाणी सोडलं की बुडणारच. पाण्याच्या पातळीवरून लांब लेन्सने टिपलं तर डेक्कन वाहून चाललंय असं दिसतं. शेजारच्या झेड ब्रिजवर उभं राहून रुंद चित्र घेतलं की नदी पात्रातच आहे आणि पुलावर लोक पाणी बघायला उभे आहेत हे कळतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्याला एकतानगरीत खरोखर लोकांच्या घरांत पाणी शिरलं. दर वर्षी तेच घट्ट, म्हणजे आजूबाजूचं काहीच न दिसणारं, चित्र दाखवून महापूर म्हटलं, तर खऱ्या पुराच्या दिवशी लोक टीव्हीकडे बघून उठत नाहीत. साहसी खेळांच्या अपघातांचंही तसंच होतं. प्रत्येक उड्डाण जीवघेणं दाखवलं की खरा निष्काळजीपणा कुठे झाला हे कुणी विचारत नाही.

घट्ट चित्र गर्दीही फुगवून दाखवतं. एप्रिल 2003 मध्ये बगदादच्या फिरदोस चौकात सद्दामचा पुतळा पाडला, तेव्हा जवळच्या चित्रांत चौक गच्च वाटत होता, आणि उंचावरून घेतलेल्या रुंद चित्रांत बराचसा मोकळा.

म्हणून क्लिप सुटी देऊ नका. रुंद शॉट त्याच फाइलमध्ये, सुरुवातीलाच जोडा, म्हणजे तो वेगळा मागावा लागणार नाही. सोबत चार ओळींची टीप द्या, उदाहरणार्थ:

"स्थळ कामशेत, वेळ दुपारी 3.40. कॅमेरा सुमारे 900 मीटरवर, लांब लेन्स. दोन्ही ग्लायडर एकमेकांपासून सुमारे 60 मीटरवर. धडकेची शक्यता नव्हती. रुंद शॉट पहिल्या 10 सेकंदांत."

अंतरं अंदाजाने लिहू नका, पायलटच्या जीपीएसच्या नोंदीवरून काढा. बहुतेक जण ती ठेवतात आणि मागितली तर देतात. वाहिनीच्या डेस्कवरची माणसं घाईत असतात, बहुतेकांना फसवायचं नसतं. टीप दिली की मथळा बदललेला मी बघितला आहे. "धडक म्हणूनच चालवू" असं कुणी आधीच सांगितलं तर क्लिप देऊ नका, पैसे कितीही असोत. करारात "संदर्भ बदलेल अशी काटछाट करू नये" एवढं वाक्य घाला.

क्लिप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. ती दाबली जाते, आणि वेळ-ठिकाणाची माहितीही सहसा गळून पडते. ड्राइव्हची लिंक द्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ कार्डाची जशीच्या तशी प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, उड्डाणाच्या लॉगसकट. चुकीचा मथळा लागला तर दुरुस्तीचा मेल त्याच दिवशी, रुंद शॉट आणि लॉग जोडून पाठवा, आणि क्लिपमधल्या खेळाडूला त्याची प्रत द्या.